ते ऐकते, वाचत नाही

बोरखडी, ता. आर्णी
१४ नोव्हेंबर २०२५

बाई,

पाया पडते. कागद पाहून घाबरू नका, कोणी मेलं नाही. तुमचे भाऊ साजरे आहेत. वावरात वेचणी चालू आहे, मागची खोली कापसानं छताले टेकत आली. तुम्ही म्हणसान, या तानीले आता फोनबी लावता येत नाही काय? येते. पण फोनवर बोलावं लागते, अन् मले जे इचारायचं आहे ते या घरात तोंडानं काढता येत नाही. ते ऐकते. वाचत नाही. म्हणून हा कागद. अन् तुम्हीबी कागदच पाठवजा. फोन करसान त मी पिकापाण्याचंच बोलीन, आधीच सांगून ठेवते.

दिवाळी झाली अन् वैष्णवी महागावहून, माहेरून, लेकराले घेऊन आली. अमर नागपूरले असते, कंपनीत सुट्टी नाही भेटत, रविवारी येते अन् भाकर खाऊन पळते. म्हणजे घरात आमी नवराबायको, सून अन् ते लेकरू. पोट्टी आहे, तुम्हाले माहीतच आहे. कागद आहे म्हणून लिहून राह्यली. तोंडानं मी अजून एकडावबी 'पोट्टी' म्हटलं नाही.

काय सांगू बाई, कशी आहे! गोरी गोरी, गालाले खळी, अन् हासते त अशी जशी मलेच ओळखून हासते. वैष्णवी तिले परी म्हणते. अन् मी काय म्हणते? "आला काय माहा काळा? झोपला काय माहा नकटा? चाल रे उकंडा, आंग धू." मनातून जीव तुटते, पण तोंडानं असंच. तुमच्या मायनं मले शिकवलं होतं, या घरात पोट्टीले पोट्टी म्हणायचं नाही, साजरी म्हणायचं नाही, ते ऐकते अन् नेते. उर्वशीच्या वक्ती मी ऐकलं नाही. मी शहाणी होती ना, सातवी शिकलेली. माही पैली पोट्टी, अमरच्या आधीची. तिले मी दिवसभर साजरी, शहाणी, गोरी म्हणत होती. नेली.

आता ऐका. गेल्या हप्त्यात वैष्णवी मागच्या खोलीच्या दारात बसून लेकराले तेल लावत होती. दुपारचं ऊन आत आलतं. ती म्हणे, "माझी शहाणी ती, माझी गोरी ती." अन् बाई, आत कापूस दबला. मी समोरच होती, तूर पाखडत. ढिगावर कोणी येऊन बसावं तसा खड्डा पडला. मोठ्या माणसाचा नाही, बारका. मंग मी जवळ जाऊन मुद्दाम "माहा काळा, माहा नकटा" म्हटलं. काही नाही. वैष्णवीनं पुन्यांदा "शहाणी" म्हटलं, अन् खड्डा आणखी खोल.

सून माह्याकडे तोंड फिरवून राह्यली. माहं आला-गेला तिले टोचते, मले दिसते. पण तिले सांगू कशी? सांगायले गेली त तेच ऐकन.

म्हणून तुम्हाले इचारते. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवली. आपल्यात काळा-काळी, गोरा-गोरी होते. एक शब्द तोंडातून निंगाला की समजते, पोट्टं आहे का पोट्टी. तुमच्या इंग्रजीत तसं होते काय? का तिथं लपवता येते? लपवता येत असन त मले चार शब्द पाठवा. लेकराले गोडबी वाटलं पाहिजे, सुनेलेबी, अन् त्याले काही समजलं नाही पाहिजे.

तुमची,
ताना


दारव्हा
२१ नोव्हेंबर २०२५

ताना,

जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण हा प्रश्न असा कोणी विचारला नव्हता. पैकीच्या पैकी मार्क दिले तुला. आता कान पकडायच्या आधी उत्तर देते, नाहीतर तू पुढचं वाचायचीच नाहीस.

नाही, इंग्रजीतली विशेषणं मुलगा-मुलगी पाहून बदलत नाहीत. गुड म्हणजे चांगला, गुड म्हणजे चांगली, चांगलं, चांगले, सगळं एकाच शब्दात. टॉल माणूस, टॉल बाई, टॉल झाड. स्वीट, लिटल, वाईज, फेअर, हे सगळे तसेच सरळ चालतात, कोणापुढे रूप बदलत नाहीत. भुऱ्या केसांसाठी एक शब्द त्यांनी बाहेरून घेतला आहे, तो काही लोक बाईसाठी लिहिताना शेवटी एक अक्षर वाढवतात. बोलताना तोही एकच. ब्यूटीफुल ते बहुतेक बाईला म्हणतात आणि हँडसम पुरुषाला, पण ती नुसती सवय. ब्यूटीफुल बाळ म्हटलंस तर कोणाला काही कळणार नाही.

एवढं मात्र सांभाळ. 'ही' आणि 'शी' आले की पकडली जाशील, तिथे इंग्रजीही चुगली करते. ते घेऊच नकोस. 'यू' म्हण. 'यू आर गुड, यू आर स्वीट.' यूमध्ये मुलगा नाही, मुलगी नाही, लहान नाही, मोठा नाही. कलेक्टरलाही यू आणि रांगणाऱ्या बाळालाही यू.

बघ, शिकवायला लागले की मी रंगते आणि रागवायचं राहून जातं. आता ऐक. अगं वेडे, कापूस ओला असेल! तुमच्या वेचणीच्या बाया सकाळी दवातच वेचतात, तसाच आणून आत टाकतात, मग तो आपल्या वजनाने खाली बसतो. माझ्या भावाला, मारोतीला म्हणावं, आधी अंगणात उन्हात पसरव. आमची आई तुझ्या डोक्यात काहीबाही भरवून निघून गेली आणि तू ते घेऊन बसली आहेस. मी त्याच घरात वाढले. तिथे काही नाही. मला कधी काही झालं नाही.

आणि सुनेला अंधारात ठेवू नकोस. बोलायची भीती वाटते तर लिहून दे. ती डी. फार्म. झालेली मुलगी आहे, हसेल आणि सोडून देईल. पण न सांगता तू तिच्या लेकीला रोज 'काळा, नकटा' म्हणत राहिलीस तर तिने काय समजायचं? तिच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते.

कोकिळा


बोरखडी
७ डिसेंबर २०२५

बाई,

तुमचे शब्द भेटले अन् चार दिवस घरात दिवाळीच होती. तो भाग पैले सांगते, कारण पुढचा चांगला नाही.

मी लेकराजवळ बसली अन् म्हटलं, "यू आर गुड. यू आर स्वीट. यू आर लिटल लिटल ब्यूटीफुल." वैष्णवी सैपाकघरातून धावतच आली. तोंडावर पदर धरून अशी हासली, अशी हासली! म्हणे, "आई, तुम्ही तर कॉन्व्हेंटच्या मॅडमच झाल्या." मंग तिनंच मले आणखी शब्द शिकवले, नॉटी, स्लीपी, चबी. तुमचे भाऊ ओसरीवरून म्हणे, "म्हातारी इंग्लंडले चालली वाटते, माह्या भाकरीचं काय?" मी म्हटलं, "यू आर हंग्री." आमी दोघी हासून हासून लोळलो. अन् मागच्या खोलीत बाई, काहीच नाही. मी सारखी पाहत होती. ढीग जसाच्या तसा.

मंग सुखीबाई आली. शेजारची, तुम्ही ओळखता, तिचं तोंड म्हणजे गावचा लाउडस्पीकर. लेकराले उचललं अन् मागच्या खोलीच्या दारातच उभी राह्यली. म्हणे, "आगं माय! काय साजरी पोट्टी आहे वं! काय गोरी! तानाबाई, तुह्या घरात असं सोनं कधी जन्मलं नव्हतं."

माहं काय झालं मले नाही माहीत. मी वरडली. "नाही! काळा आहे! नकटा आहे! पोट्टी कुठं आहे? पोट्टी नाही आमच्या घरात!" सुखीबाईच्या हातून लेकरू हिसकून घेतलं. लेकरू रडायले लागलं. वैष्णवी उंबऱ्यात उभी होती.

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता त बरं झालं असतं. म्हणे, "आई, तुम्हाला नातू पाहिजे होता हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. इंग्रजीने मी फसले." काय सांगू? तिथंच, त्या दारात उभं राहून सांगू, की मी तिले लपवून राह्यली? मंग लपवणं कायचं?

लिहून द्यायचं म्हटलं त ती अमरले फोनवर वाचून दाखवते, तिची सवयच आहे, मायचा मेसेजबी मोठ्यानं वाचते. संध्याकाळच्या गाडीनं गेली महागावले. अमरचा फोन आला. "आई, तू अशी असशील असं वाटलं नव्हतं." एवढंच म्हणे अन् ठेवला.

ती गेल्यावर मी मागच्या खोलीत गेली. खड्डा होता. मी हात ठेवला त बाई, कापूस कोमट होता. कापूस गरमच राहते, तुम्ही म्हणसान. राहते. पण मी हात काढला अन् कानाजवळ कोणी म्हणे, "साजरी?" असं, इचारल्यावानी.

आता तुम्हाले उर्वशीचं सांगते. तुम्ही तवा नोकरीवर होत्या, तुम्ही मातीलेच आल्या, आधीचं कोणी तुम्हाले सांगतलं नसन. असेच वेचणीचे दिवस होते. पाहुणी आलती, तिनं साजरी पोट्टी, साजरी पोट्टी केलं. दुसऱ्या दिवशी आंग तापलं. दारात बैलगाडी कापूस भरून उभी, बाजाराले जायची. मी म्हटलं, तिले घेऊन चाला. तुमच्या माय म्हणे, "लहान लेकराले ताप येतच राहते. उद्या पाहू." गाडी गेली. तिले मी कापसावर निजवली, मऊ लागन म्हणून. गाडी बाजारातून रिकामी होऊन वापस आली, तवर उशीर झालता.

तुमच्या माय जाताना मले म्हणल्या होत्या, "कोकिळीले मी लपवली म्हणून ती वाचली." तेव्हापासून मनात आहे. मागच्या कागदात तुम्ही म्हणता, मले कधी काही झालं नाही. काहून नाही झालं बाई? तुमच्या आधीच्या दोघी गेल्या. माही गेली. तुम्ही कशा राह्यल्या? मले खरं सांगा. ती पोट्टी या घरात वापस येऊ देऊ का नको, हे मले ठरवायचं आहे. नाही आली त माहा लेक तुटला, सून तुटली. आली त ते बसलंच आहे.

ताना


दारव्हा
२९ डिसेंबर २०२५

ताना,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायची आणि उठून जायची. कधी गॅस बंद केला का पाहायला, कधी तुळशीला पाणी घालायला. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं, मला काही झालं नाही. ते खोटं होतं. शाळेतल्या कोणालाच काय, माझ्या नवऱ्यालाही मी हे सांगितलं नव्हतं. तो बिचारा तसाच गेला.

मारोती जन्मेपर्यंत मी मुलगा होते.

माझं नाव उकंडा. जन्मल्यावर आईने मला उकिरड्यावर लोळवलं, सुपात घालून भुरीबाई सुईणीला देऊन टाकलं आणि ओंजळभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं, म्हणजे मी आईची नाही, फेकलेली, कोणाच्या कामाची नाही. केस बारीक कापलेले, सदरा, चड्डी. आला, गेला, खाल्ला का, झोपला का. शाळेतही उकंडाच गेला. गावाला ठाऊक नव्हतं असं नाही. गाव बोलत नव्हतं. भुरीबाई रस्त्यात भेटली की म्हणायची, "काय रे उकंडा, मोठा झाला." आणि डोळे पुसायची. मला काही वाटायचं नाही. मला वाटायचं सगळी मुलं अशीच असतात.

त्या दिवसांत मला एकदा ताप आला. दादांनी, आमच्या वडिलांनी, स्वतः गाडी जुंपली. दुपारच्या उन्हात, गाडी हाकायला धुरकरी गडी असताना, स्वतः कासरा धरून मला दारव्ह्याला आणलं. वाटेत सारखे मागे वळून म्हणायचे, "उकंडा, जागा राह्य रे बापा." डॉक्टरांनी सुई दिली. येताना मला गोडीशेव घेतली.

मग मारोती झाला. आईची बाळंतिणीची खाट उठली आणि मला परकर आला. त्याच आठवड्यात मी आली, गेली, काळी, मोठी झाले. कोणी मला काही समजावलं नाही. उकंडा कुठे गेला असं मी आईला विचारलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

आणि ताना, पुढच्याच उन्हाळ्यात मला पुन्हा ताप आला. तीच खाट. तेच दादा. बैल गोठ्यात उभे होते, रिकामे, कडबा खात होते, मला चावण्याचा आवाज येत होता. आणि ओसरीवर दादा आईला म्हणाले, "लहान लेकराले ताप येतच राहते. उद्या पाहू."

मी ऐकत पडले होते.

उद्या आला आणि गेला. मी वाचले, कारण माझं हाड चिवट. माझ्या आधीच्या दोघींचं नव्हतं. तुझ्या उर्वशीचं नव्हतं. तू लिहिलेलं आईचं वाक्य मी तीनदा वाचलं. शब्दाला शब्द तेच गं! तिने ते दादांकडून घेतलं होतं, दादांनी त्यांच्या बापाकडून घेतलं असेल.

त्या घरात ऐकणारं काही होतं, यात तुझी चूक नाही. फक्त ते कापसात नव्हतं. ते ओसरीवर बसून विडी ओढत होतं. आईला वाटलं तिने यमाला फसवलं. तिने घराला फसवलं, स्वतःलाही फसवलं. तोंडाने 'तो' म्हणत राहिली म्हणून मला वाटीभर दूध मिळालं आणि गाडी मिळाली. तोंडाने 'ती' म्हणायला लागले आणि गाडी थांबली. दुष्ट नव्हते गं ते लोक. दादा माझ्यावर जीव टाकायचे. पण हात बैलांकडे गेला नाही, आणि तो का गेला नाही हे त्यांना मरेपर्यंत कळलं नसेल.

मी इंग्रजी का घेतली असं लोक विचारायचे. पाचवीत मास्तरांनी पाटीवर गुड लिहिलं आणि म्हणाले, हा सगळ्यांना चालतो. मला इतकं बरं वाटलं, की मी घरी जाऊन गोठ्यात एकटीच म्हणत बसले. उकंडाही गुड. कोकिळाही गुड.

राहता राहिला तुझा खड्डा. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. लग्नानंतर माहेरी इतक्यांदा आले, पण त्या मागच्या खोलीत मी कधी पाय ठेवला नाही, हे मला हे पत्र लिहिताना लक्षात आलं.

तुला न विचारता एक केलं आहे. परवा जीपने महागावला जाऊन आले. वैष्णवीला सगळं सांगितलं, माझंही आणि तुझंही. काय रागवायचं ते रागव.

कोकिळा


महागाव
४ जानेवारी २०२६

आई,

आत्याबाई म्हणाल्या तुम्हाला लिहूनच कळव, म्हणून लिहिते. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आत्याबाई सांगत होत्या तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. वाटलं, सासूची बाजू घ्यायला आल्या. मग त्या त्यांच्या तापाचं सांगायला लागल्या. एवढ्या कडक बाई, परीला मांडीवर घेऊन रडल्या. मी माझ्या माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की सासूला नातू पाहिजे होता. आता एकेकाला परत सांगते आहे.

मी भूत मानत नाही. तुम्ही घाबरता हे मात्र मानते. मी येते, संक्रांतीनंतर. पण माझी एक अट आहे. माझ्या मुलीला मुलगी म्हणूनच हाक मारायची. मोठ्याने, मागच्या खोलीच्या दारातसुद्धा. एकट्याने जमलं नाही तर माझा हात धरा.

अमरशी बोलले आहे. ते तुम्हाला फोन करायला लाजत आहेत.

वैष्णवी


बोरखडी
८ फेब्रुवारी २०२६

बाई,

रागावली नाही. रागवायले वेळच भेटला नाही.

वैष्णवी आली. मी उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिनं माहा हात धरला, अन् मले मागच्या खोलीच्या दारात उभी केली. म्हणे, "म्हणा आई." 'आली' म्हणायचं होतं, 'आ' निंघे, पुढचं निंघेच ना. ती म्हणे, "राहू द्या, उद्या." दुसऱ्या दिवशीबी तसंच. तिसऱ्या दिवशीबी. सून चिडली नाही, ते माह्या जिवाले आणखी लागलं.

मंग लेकरू तापलं. थंडी होती, छातीत घरघर. दूध घेईना. नाकपुड्या फुगायले लागल्या. वैष्णवीनं औषध पाजलं, तिले कळते, म्हणे हे घरचं काम नाही, नेलं पाहिजे. त्या दिवशी कापूस मोजायले व्यापारी येणार होता. तुमचे भाऊ ओसरीवर बसले होते. वर न पाहता म्हणे, "लहान लेकराले ताप येतच राहते. उद्या पाहू."

बाई, तुमचा कागद मी वाचला होता, घडी करून पेटीत ठेवला होता, मले वाटलं समजला. नव्हता समजला. तवा समजला. आवाज तुमच्या भावाचा होता, साधा, भाकर मांगतो तसा. पण बोलणारं तेच होतं. तेच, जे तुमच्या मायच्या तोंडून बोललं, तुमच्या बापाच्या तोंडून बोललं. त्याले माहीतबी नव्हतं की तो काय बोलून राह्यला. माह्या आंगावर काटा आला, अन् त्या काट्यासंगच भेव निंगून गेलं.

मी वरडली. आधी त्याच्याकडे तोंड करून, मंग मागच्या खोलीकडे तोंड करून, मंग रस्त्याकडे. "पोट्टी आहे! माही नात आहे! गोरी आहे, साजरी आहे, शहाणी आहे, ऐका! अन् आजच जाईन दवाखान्यात!" सुखीबाई बाहेर निंघाली, तिची सून निंघाली. तांड्यावरच्या धरमसिंगची जीप सवाऱ्या भरून आर्णीले चालली होती, मी आडवी झाली. म्हटलं, "माह्या नातीले श्वास लागून राह्यला." त्यानं सवाऱ्या उतरवल्या. एक म्हातारा उतरता उतरता आपलं कांबळं देऊन गेला.

आर्णीहून यवतमाळले धाडलं. छाती भरली होती. दारावरच्या नर्सबाईनं इचारलं, मुलगा का मुलगी? वैष्णवी लेकराची छाती चोळत होती. मी म्हटलं, "मुलगी." असं जोरानं म्हटलं की ती बाई दचकली. नळ्या लावल्या. आमी भिंतीले टेकून बसलो. डॉक्टरीणबी बारकी पोट्टीच आहे, ती म्हणे, "आज आणली हे बरं केलं, आजी."

तुमचे भाऊ आले, मागून, दुसऱ्या गाडीनं. माह्याजवळ फरशीवर बसले. मंग म्हणे, "उर्वशीच्या वक्ती गाडी मीच हाकलत होतो." मी म्हटलं, "मले माहीत आहे." ते म्हणे, "मी मांगं वळूनबी पाह्यलं नाही." मले त्यायचा राग आला, लय राग आला, अन् त्यायचा हातबी धरून बसली. अमर आला त त्यानं आधी बापाले पाणी देलं, मंग माह्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरावानी रडला.

परी बरी आहे. घरी आणली. दूध पिते, अन् मी गोरी म्हटलं की खळी पाडते. तुम्ही येऊन पाहा, मी कागदावर सांगू शकत नाही.

आता जे मले तुम्हालेच सांगायचं आहे ते. काल कापूस गेला. खोली रिकामी झाली, मी झाडून काढली. दबायले आता काही नव्हतं. तरी मी खाली बसली, जिथं ढीग होता तिथं, अन् इचार करत राह्यली. ऐकणारं ओसरीवर होतं, तुम्ही म्हणता ते मी कानानं ऐकलं, पटलं. मंग कापसात कोण बसत होतं? कोणी शहाणी म्हटलं की बसे, साजरी म्हटलं की बसे. काळा म्हटलं की नाही. इंग्रजी बोललं की नाही.

बाई, ते नेणारं नव्हतंच. ते माही उर्वशी होती. ती गेली तवापासून या घरात मी साजरी, शहाणी हे शब्दच बंद केलते. इतक्या वर्सांनी वैष्णवीच्या तोंडून ते तिनं ऐकले, अन् तिले वाटलं मले बलावून राह्यले. येऊन बसे बिचारी. कानाजवळ इचारत होती ना ते, साजरी? म्हणजे मीच ना? अन् मी काय केलं? वरडून सांगतलं, पोट्टी नाही आमच्या घरात.

मातीच्या दिवशी सगळे म्हणत होते, लेकरू गेलं. बायाबी म्हणे, लेकरू गेलं, पुन्यांदा होईन. मीबी तेच म्हणत आली, कोणी इचारलं की, हो, एक लेकरू गेलं. पोट्टंबी नाही, पोट्टीबी नाही, लेकरू. रडली असती त लोकायले समजलं असतं मी कोणासाठी रडते. म्हणून रडलीबी नाही.

काल मी त्या खोलीत मोठ्यानं म्हटलं. उर्वशी, माही पोट्टी मेली. माही गोरी मेली. माही शहाणी मेली. माही पैली लेक मेली.

अन् रडली, बाई. वैष्णवी परीले घेऊन आत आली, माह्या बाजूले बसली, अन् मी दिवस बुडेपर्यंत माह्या पोट्टीसाठी रडली.

ताना